विश्लेषण : इंग्लंडमधील खेड्याचे ‘वॉशिंग्टन’ हे आडनाव अमेरिकेत कृष्णवर्णीयांचे कसे झाले?

अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन हे गोरे, सधन मळेवाले आणि शेकडो गुलामांचे मालक होते. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. तरीही त्यांचे आडनाव आज अमेरिकेत दीड लाखांहून अधिक लोक लावतात. या लोकांमध्ये दर दहापैकी जवळपास नऊ जण कृष्णवर्णीय आहेत. उत्तर इंग्लंडमधल्या एका खेड्यात सुरू झालेले हे नाव इतक्या दूर आणि इतक्या वेगळ्या लोकांपर्यंत कसे पोहोचले? ‘मालकाचे नाव गुलामांना चिकटले’ हे नेहमी दिले जाणारे उत्तर कितपत खरे आहे?

आकडे काय सांगतात?

अमेरिकेच्या जनगणना विभागाने २००० च्या जनगणनेतून देशातील आडनावांची यादी तयार केली. त्यात वॉशिंग्टन आडनावाचे १ लाख ६३ हजार ३६ लोक आढळले आणि त्यातील सुमारे ९० टक्के लोकांनी आपली नोंद कृष्णवर्णीय अशी केली होती. देशातील सर्वाधिक प्रचलित एक हजार आडनावांमध्ये हे प्रमाण सर्वात जास्त होते. २०१० च्या जनगणनेत लोकांची संख्या वाढली आणि प्रमाण थोडे घसरून ८७ टक्क्यांच्या आसपास आले.

इतर अध्यक्षांच्या आडनावांशी तुलना केली की यातले वेगळेपण दिसते. २००० च्या यादीनुसार जेफरसन आडनावाच्या लोकांमध्ये कृष्णवर्णीय ७५ टक्के होते, जॅक्सन आडनावाच्या लोकांमध्ये ५३ टक्के. गुलामगिरी संपवणारे म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते त्या लिंकन यांच्या आडनावाच्या लोकांमध्ये हे प्रमाण अवघे १४ टक्के होते. मुक्त झालेल्यांनी केवळ कृतज्ञतेपोटी आडनावे निवडली असती, तर हे आकडे उलटे दिसायला हवे होते. कोडे इथूनच सुरू होते.

नाव मुळात कुठले?

इंग्लंडच्या ईशान्य भागात, न्यूकॅसल आणि सुंदरलँड या शहरांच्या जवळ वॉशिंग्टन नावाचे गाव आहे. पूर्वी ते डरहॅम काउंटीत मोडत असे. जुन्या इंग्रजीत ‘टून’ म्हणजे वस्ती किंवा वाडी आणि ‘इंग’ म्हणजे अमुक व्यक्तीची माणसे. ह्वासा अशा काहीशा नावाच्या सॅक्सन माणसाच्या कुळाची वाडी, असा या ग्रामनामाचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. हा ह्वासा कोण, हे इतिहासाला ठाऊक नाही. दक्षिणेकडे ससेक्समध्येही याच नावाचे एक खेडे आहे, त्यामुळे इंग्लंडमधल्या प्रत्येक वॉशिंग्टन कुटुंबाचे मूळ डरहॅमचेच असेल असे नाही.

बाराव्या शतकात विल्यम नावाचा एक सरदार जवळच्या हार्टबर्न गावचा वतनदार होता. लोक त्याला ‘विल्यम दि हार्टबर्न’ म्हणत. त्याने डरहॅमच्या बिशपला हार्टबर्न देऊन त्याबदल्यात वेसिंग्टन घेतले. ११८३ मध्ये बिशपने आपल्या जमिनींची पाहणी करून तयार केलेल्या ‘बोल्डन बुक’ या दप्तरात या अदलाबदलीची नोंद आहे. अटीही त्यात आहेत : वर्षाला चार पौंड भरायचे आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार शिकारी कुत्रे घेऊन हजर राहायचे.

गाव बदलले तसे नावही बदलले. विल्यम आता ‘दि वेसिंग्टन’ झाला. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर वेसिंग्टनकर. त्या काळी इंग्लंडमध्ये आडनाव पक्के नसे. माणूस ज्या गावचा, ज्या धंद्याचा किंवा ज्याचा मुलगा, त्यावरून ओळखला जाई आणि मुलाचे नाव बापापेक्षा निराळे असू शके. नॉर्मन राजवटीत जमीन वारसाने द्यायची म्हटल्यावर नावही वारसाने देणे सोयीचे झाले. ही रीत आधी जमीनदारांत आणि मग सामान्यांत रुजली. साधारण १४०० पर्यंत इंग्लंडमधली बहुतेक आडनावे कायम झाली होती.

खेडे सुटले, नाव राहिले

या घराण्याची थोरली पाती पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत मूळ गावातून नाहीशी झाली. धाकट्या पात्या मात्र पसरल्या. एक जॉन वेसिंग्टन १४१६ ते १४४६ अशी तीस वर्षे डरहॅमच्या मठाचा प्रमुख होता. दुसरी एक शाखा लँकेशायरमधल्या वॉर्टन गावी गेली. तिथला लॉरेन्स वॉशिंग्टन दक्षिणेला नॉर्दम्प्टनला येऊन लोकरीच्या व्यापारात शिरला, पैसा कमावला आणि दोनदा शहराचा महापौर झाला.

आठव्या हेन्री राजाने मठ बरखास्त करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या, तेव्हा या लॉरेन्सने १५३९ मध्ये सुमारे ३२४ पौंडांना सल्ग्रेव्ह येथील जमीन घेतली. तिथे बांधलेला वाडा आजही उभा आहे. घराण्याचे चिन्ह त्याच्या दारावर कोरलेले आहे : ढालीवर दोन आडवे पट्टे आणि त्यांच्यावर तीन तारे. अमेरिकेचा ध्वज यावरूनच घेतला अशी हौशी गोष्ट अनेकदा सांगितली जाते, पण तिला पुरावा नाही. हेच चिन्ह पुढे एका वेगळ्या ध्वजावर मात्र खरोखर गेले.

व्हर्जिनियात पाऊल कसे पडले?

एका बडतर्फ धर्मगुरूमुळे, असे म्हणता येईल. सल्ग्रेव्हच्या लॉरेन्सच्या वंशातला, लॉरेन्सच नाव असलेला एक ऑक्सफर्डचा पदवीधर एसेक्समधल्या पर्ली गावचा रेक्टर होता. राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात त्याची निष्ठा राजाकडे होती. १६४३ मध्ये संसदेच्या बाजूच्या लोकांनी त्याला काढून टाकले. आरोप असा की हा धर्मगुरू दारूच्या गुत्त्यांत पडलेला असतो. त्यात तथ्य किती आणि राजकारण किती, हे वाचकाने ठरवावे. उत्पन्न गेले, घर गेले आणि दहा वर्षांच्या आत तो गरिबीत वारला.

त्याचा थोरला मुलगा जॉन याच्यापुढे ना जमीन होती ना वशिला. तो समुद्राकडे वळला. ‘सी हॉर्स ऑफ लंडन’ या व्यापारी जहाजावर अधिकारी म्हणून तो व्हर्जिनियाला गेला. १६५७ च्या सुरुवातीला तंबाखू भरून परतताना ते जहाज पोटोमॅक नदीत रुतले. जहाज दुरुस्त होईपर्यंत जॉनची तिथल्या नॅथॅनियल पोप या मळेवाल्याशी ओळख झाली. त्याची मुलगी ॲन हिच्याशी जॉनने लग्न केले आणि सासऱ्याने ७०० एकर जमीन दिली. जॉन पुन्हा इंग्लंडला स्थायिक व्हायला गेला नाही.

व्हर्जिनियात तेव्हा स्वखर्चाने माणूस आणणाऱ्याला दर माणशी ५० एकर जमीन मिळे. जॉनने या नियमाचा चांगला उपयोग करून घेतला. १६७५ मध्ये स्थानिक सस्क्वेहॅनॉक जमातीशी झालेल्या चकमकीत तो होता. बोलणी करायला आलेल्या जमातीच्या म्होरक्यांना तेव्हा ठार मारण्यात आले. त्या लोकांनी त्याला ‘कोनोटोकॅरियस’ म्हणजे ‘गावे गिळणारा’ असे नाव दिले. हे नावही वारसाने चालले. जवळजवळ ८० वर्षांनी ओहायोच्या खोऱ्यात त्याचा पणतू जॉर्ज भेटला, तेव्हा तिथल्या मूळनिवासी नेत्याने त्याला याच नावाने हाक मारली.

त्या पणतूचा जन्म १७३२ चा. वडील वारले तेव्हा जॉर्ज ११ वर्षांचा होता आणि वाट्याला आलेल्या वारशात १० गुलाम होते.

माउंट व्हर्ननच्या गुलामांनी हे आडनाव घेतले का?

बहुतेकांनी नाही. लोकप्रिय समजुतीला पहिला तडा इथे जातो.

१७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यातील १२३ त्यांच्या मालकीचे होते. १५३ जण त्यांच्या पत्नी मार्था यांच्या पहिल्या पतीच्या, म्हणजे कस्टिस घराण्याच्या इस्टेटीतले होते. मार्था यांना त्यांच्यावर हयातीपुरता हक्क होता. उरलेल्यांपैकी बहुतेक दुसऱ्या मळेवाल्यांकडून भाड्याने आणलेले होते. वॉशिंग्टन यांनी मृत्युपत्रात स्वतःच्या गुलामांना पत्नीच्या मृत्यूनंतर मुक्त करावे असे लिहिले. मार्था यांनी वाट न पाहता १ जानेवारी १८०१ पासून त्यांना मुक्त केले. कस्टिस इस्टेटीतल्या गुलामांना मुक्त करण्याचा अधिकार दोघांनाही नव्हता. १८०२ मध्ये मार्था वारल्यावर ते लोक नातवंडांत वाटले गेले. नवरा एका इस्टेटीचा आणि बायको दुसऱ्या इस्टेटीची, अशी कित्येक कुटुंबे त्यात फुटली.

या लोकांची जी आडनावे कागदोपत्री सापडतात ती वेगळीच आहेत. युद्धात सतत वॉशिंग्टन यांच्यासोबत राहिलेला विल्यम ली याने आधीच्या मालकाचे आडनाव ठेवले. स्वयंपाकी हर्क्युलस हा पोझी, तोही आधीच्या मालकावरून. १७९६ मध्ये फिलाडेल्फियातील अध्यक्षांच्या घरातून पळून गेलेली ओना जज हिचे आडनाव तिच्या गोऱ्या वडिलांचे. क्वँडर हे आडनाव लावणारे कुटुंब तर आजही माउंट व्हर्ननशी आपले नाते सांगते. वॉशिंग्टन या नावाने ओळखले जाणे त्यांच्यापैकी फार थोड्यांना हवेसे वाटलेले दिसते.

ठळक अपवाद एक, आणि तो पळून गेलेल्या माणसाचा.

हॅरी वॉशिंग्टन कोण होता?

आफ्रिकेत गँबिया नदीच्या परिसरात जन्मलेल्या हॅरीला जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७६३ मध्ये विकत घेतले. आधी दलदल उपसण्याच्या कामावर आणि नंतर माउंट व्हर्ननच्या तबेल्यात तो होता. १७७१ मध्ये तो पळाला आणि पकडला गेला. मालकाने ब्रिटिश राजाविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पुकारले, तेव्हा १७७६ मध्ये हॅरी पुन्हा पळाला आणि थेट ब्रिटिशांना मिळाला. बंडखोर मालकांच्या ज्या गुलामांनी ब्रिटिशांची बाजू घेतली त्यांना मुक्ततेचे वचन होते.

युद्ध संपल्यावर १७८३ मध्ये वॉशिंग्टन यांनी ब्रिटिश सेनापती गाय कार्लटन यांच्याकडे पळालेले गुलाम परत मागितले. कार्लटन यांनी नकार दिला. आपल्याबरोबर जाणाऱ्या कृष्णवर्णीयांची यादी करून देऊ, एवढेच मान्य केले. ‘बुक ऑफ निग्रोज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या यादीत ४३ वर्षांचा हॅरी वॉशिंग्टन आहे आणि तो पूर्वी जनरल वॉशिंग्टन यांची मालमत्ता होता, अशी नोंदही आहे. तो न्यूयॉर्कहून कॅनडातील नोव्हा स्कॉशियाला गेला. तिथे जमीन खडकाळ आणि वागणूक वाईट. १७९२ मध्ये सुमारे १२०० जण १५ जहाजांतून आफ्रिकेतील सिएरा लिओनला निघाले, त्यात तोही होता. जिथून त्याला नेले होते त्याच किनाऱ्याच्या बाजूला, जवळपास ३० वर्षांनी.

तिथे सिएरा लिओन कंपनीने वसाहतीतल्या लोकांवर जमिनीचा सारा बसवला. १८०० मध्ये लोकांनी उठाव केला. हॅरी त्या उठावात होता. लष्करी न्यायालयाने त्याला हद्दपार करून नदीपलीकडच्या बुलोम किनाऱ्यावर धाडले. व्हर्जिनियातले त्याचे जुने मालक त्याच्या काही महिने आधीच, करविरोधी क्रांतीचे नायक म्हणून मोठ्या सन्मानात दफन झाले होते.

मग हे नाव पसरले कुठून?

तीन वाटा दिसतात आणि प्रत्येक कुटुंबाची वाट कोणती, हे त्या त्या कुटुंबाचे कागदच सांगू शकतात.

पहिली वाट मालकांचीच, पण जॉर्ज यांची नव्हे. त्यांचे भाऊ, पुतणे आणि चुलत शाखा व्हर्जिनियात आणि पुढे आजूबाजूला पसरल्या आणि त्यातले अनेक मळेवाले होते. माउंट व्हर्नन ज्यांच्याकडे गेले ते पुतणे बुशरॉड वॉशिंग्टन सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. १८२१ मध्ये त्यांनी ५४ गुलाम लुइझियानाच्या खरेदीदारांना विकले. कापूस आणि उसाच्या मळ्यांसाठी व्हर्जिनियातून दक्षिणेकडे झालेल्या अशा विक्रीतून माणसांबरोबर नावेही शेकडो मैल खाली गेली.

दुसरी वाट पहिल्या नावाची. स्वातंत्र्ययुद्धानंतर वॉशिंग्टन हे मुलाला ठेवायचे नाव झाले. गोऱ्यांत लेखक वॉशिंग्टन आयर्विंग हे त्याचे उदाहरण. गुलाम मुलांनाही हे नाव ठेवले जाई. कधी मालक ठेवी, कधी आईबाप. बापाचे पहिले नाव मुलाने आडनाव म्हणून लावले की नवे वॉशिंग्टन घराणे तयार. ब्राझील आणि उरुग्वेत आजही वॉशिंग्टन नावाचे फुटबॉलपटू असतात, ते याच पहिल्या नावाच्या प्रथेतले.

तिसरी वाट निवडीची, आणि सर्वात महत्त्वाची तीच. स्वातंत्र्याचा उच्चार करणारा सगळ्यात मोठा शब्द म्हणून हे नाव घेतले गेले. गुलामगिरी संपण्याच्या कितीतरी आधीपासून. १८४१ मध्ये ‘क्रिओल’ हे जहाज शंभराहून अधिक गुलामांना घेऊन व्हर्जिनियाहून न्यू ऑर्लिन्सच्या बाजाराकडे चालले होते. मॅडिसन वॉशिंग्टन नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली त्यांनी जहाज ताब्यात घेतले आणि बहामातील नासाऊ बंदरात नेले. तिथे ब्रिटिश कायद्यानुसार ते मुक्त झाले. नावात दोन अध्यक्ष असलेल्या या माणसावर फ्रेडरिक डग्लस यांनी १८५३ मध्ये कथा लिहिली.

गुलामांना आडनाव असे का?

मालकाच्या वहीत नसे. तिथे ‘टॉम’, ‘सकी’, ‘बिली’ एवढेच लिहिले जाई, त्यापुढे वय आणि किंमत. आपसांत मात्र आडनावे होती. इतिहासकार हर्बर्ट गटमन यांनी १९७६ च्या आपल्या ग्रंथात मळ्यांच्या नोंदी आणि मुक्तीनंतरचे दाखले ताडून दाखवले की अनेक गुलाम कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या एक आडनाव जपले होते. ते बरेचदा चालू मालकाचे नसून खूप आधीच्या मालकाचे असे, कारण आजोबा-पणजोबांची आठवण त्या नावाशी बांधलेली होती. विक्रीत कुटुंब फुटले तरी भावाला भाऊ त्या नावावरून शोधता येई. या नावांना लोकांचा स्वतःचा शब्द होता : ‘टायटल’ किंवा ‘एन्टायटल’.

यादवी युद्धात ही नावे उघड्यावर आली. केंद्र सरकारच्या सैन्यात सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिक भरती झाले. हजेरीपटावर आडनाव लागे, पगाराला लागे, पुढे निवृत्तिवेतनालाही लागले. १८६५ नंतर मजुरीचा करार, विवाहाची नोंद, बँकेचे खाते, सगळीकडे तोच प्रश्न : पूर्ण नाव काय?

शाळेच्या हजेरीत मिळालेले नाव

या प्रश्नाचे सर्वात प्रसिद्ध उत्तर एका लहान मुलाने दिले. व्हर्जिनियातील एका मळ्यावर १८५६ मध्ये जन्मलेला बुकर मुक्तीनंतर आईबरोबर वेस्ट व्हर्जिनियातल्या माल्डन गावी आला. सावत्र वडील तिथे मिठाच्या भट्टीवर कामाला होते. त्यांच्या पिंपांवर १८ हा आकडा घातला जाई आणि बुकरने आयुष्यात पहिल्यांदा वाचायला शिकलेली गोष्ट म्हणजे तो आकडा.

शाळेत हजेरी सुरू झाली तेव्हा बुकरच्या लक्षात आले की प्रत्येक मुलाला किमान दोन नावे आहेत, काहींना तर तीन. त्याला तोवर एकच नाव होते. आपली पाळी येईपर्यंत त्याने मनाशी ठरवले आणि शिक्षकाने विचारल्यावर जणू जन्मापासून हेच नाव असावे अशा थाटात ‘बुकर वॉशिंग्टन’ असे सांगितले. त्याच्या सावत्र वडिलांचे पहिले नाव वॉशिंग्टन होते, वॉशिंग्टन फर्ग्युसन. म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कुटुंबाशी, मळ्याशी, मालकीशी या नावाचा काडीचा संबंध नव्हता. आईने आपले नाव बुकर टॅलिफेरो ठेवले होते हे त्याला नंतर कळले आणि मधला ‘टी’ आला.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले, तेव्हा हा मुलगा हॅम्प्टनच्या संस्थेत सफाईचे काम करून शिकत होता. १८८१ मध्ये तो अलाबामातील टस्कीगी संस्थेचा प्रमुख झाला. १९०१ मध्ये आलेल्या आत्मचरित्रात बुकर टी. वॉशिंग्टन यांनी लिहिले आहे की मुक्त झालेल्या लोकांचे दोन गोष्टींवर जवळपास सगळीकडे एकमत होते : नाव बदलायचे आणि मोकळेपणाची खात्री पटावी म्हणून थोडे दिवस तरी मळा सोडून जायचे. जुन्या मालकाचे आडनाव लावणे अनेकांना नकोसे होते. काहींनी तर मध्ये एखादे आद्याक्षरही घेतले. त्याचा अर्थ काही नसे, पण ते आपल्या नावाचा ऐवज वाटे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावले आणि दक्षिणेतल्या वृत्तपत्रांनी त्यावर आग ओकली. यानंतर जन्मलेल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी ‘वॉशिंग्टन’ म्हणजे आधी बुकर आणि मग जॉर्ज, असे झाले असल्यास नवल नाही.

नाव निवडले, मग वंशावळ शोधताना अडचण काय?

आज ज्या कृष्णवर्णीय अमेरिकनांना आपले मूळ शोधायचे असते, त्यांची गाडी १८७० वर अडते. वंशावळ शोधणारे तिला ‘१८७० ची भिंत’च म्हणतात. त्या वर्षीच्या जनगणनेत पूर्वीचे गुलाम पहिल्यांदा नावानिशी आले. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांसाठी वेगळे तक्ते होते आणि त्यात मालकाचे नाव लिहून खाली फक्त वय, लिंग आणि रंग. १८६० मध्ये असे ३९ लाखांहून अधिक लोक होते आणि या तक्त्यांत जवळपास सगळेच निनावी.

स्मिथ किंवा मॅकडोनल्ड आडनावाच्या गोऱ्या कुटुंबाला नाव पकडून मागे जाता येते. इथे नाव पकडले की माणूस भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. वॉशिंग्टन आडनावाचा मालक शोधावा तर खापरपणजोबांचा मालक कस्टिस निघतो, किंवा आणखी कोणी. आडनाव सावत्र बापाचे पहिले नाव निघते, किंवा सैन्यात भरती होताना सुचलेले. वेसिंग्टनपासून सल्ग्रेव्हपर्यंत, सल्ग्रेव्हपासून पोटोमॅकपर्यंत एका गोऱ्या घराण्याची साखळी ८०० वर्षांची, कडीनकडी जुळलेली मिळते. तेच नाव लावणाऱ्या बहुसंख्यांना १६० वर्षांमागचे स्वतःचे माणूस सापडत नाही.

मार्ग अगदीच बंद नाही. मुक्त झालेल्यांच्या बचतीसाठी १८६५ मध्ये स्थापन झालेली फ्रीडमन्स बँक गैरकारभाराने १८७४ मध्ये बुडाली आणि हजारो गरीब खातेदारांचे पैसे गेले. पण खाते उघडतानाचे अर्ज उरले. ओळख पटावी म्हणून त्यात आईवडील, भावंडे, कुठे विकली गेली आणि कधीकधी जुना मालक कोण, हेही लिहून घेतलेले आहे. पैसे परत न मिळालेल्या पूर्वजांच्या त्या अर्जांवर आज त्यांचे वंशज आपले मूळ शोधतात. काही थोड्यांनी स्वतःच लिहून ठेवले. व्हर्जिनियातील फ्रेडरिक्सबर्ग इथला जॉन वॉशिंग्टन हा गुलाम १८ एप्रिल १८६२ रोजी नदी ओलांडून सरकारी सैन्याकडे पळाला आणि पुढे राजधानीत पाट्या रंगवण्याचे काम करू लागला. त्याने १८७३ मध्ये लिहिलेल्या आठवणी घराण्यात राहिल्या आणि २००७ मध्ये इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांनी त्या प्रसिद्ध केल्या.

गोऱ्यांमध्ये हे आडनाव कमी का उरले, याचे उत्तर तुलनेने सोपे आहे. इंग्लंडमध्येच ते दुर्मीळ होते, त्यामुळे तिकडून नवे वॉशिंग्टन फारसे आले नाहीत. जॉर्ज निपुत्रिक होते. आणि युरोपातून येऊन नाव इंग्रजी करून घेणारे स्थलांतरित स्मिथ किंवा मिलर होत. राष्ट्रपित्याचे आडनाव लावण्याचे धाडस क्वचितच कोणी करी. मोकळी राहिलेली ही जागा मुक्त झालेल्यांनी भरली.

गाव, शहर आणि ध्वज

मूळ खेडे आता सुंदरलँड महापालिकेत आहे. १९६४ मध्ये सरकारने तिथे नवे उपनगर वसवायचे ठरवले, पुढे शेजारी निसानचा मोटार कारखाना आला. घराण्याचा जुना वाडा एकोणिसाव्या शतकात गरीब भाडेकरूंची चाळ झाला होता. १९३६ मध्ये तो राहण्यास अयोग्य ठरवून पाडायला निघाला. फ्रेडरिक हिल या स्थानिक शिक्षकाने लोकांना जमवून तो वाचवला. १९७७ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी या गावाला भेट दिली.

अमेरिकेत विसाव्या शतकातल्या मोठ्या स्थलांतरात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले आणि त्यांच्याबरोबर हे आडनावही. १९८३ मध्ये हॅरल्ड वॉशिंग्टन शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. रूथ जोन्स या गायिकेने रंगमंचासाठी डायना वॉशिंग्टन हे नाव घेतले, म्हणजे निवडीची प्रथा तिथेही चालूच राहिली.

जॉर्जिया राज्यात जन्मलेले, गुलामांचे पणतू असलेले वॉल्टर वॉशिंग्टन लहानपणी कुटुंबाबरोबर उत्तरेला न्यूयॉर्क राज्यात गेले होते. राजधानी वॉशिंग्टनच्या नागरिकांना आपला महापौर निवडण्याचा हक्क शंभर वर्षांच्या खंडानंतर परत मिळाला, तेव्हा १९७४ च्या निवडणुकीत त्यांनी वॉल्टर यांना निवडले. २ जानेवारी १९७५ रोजी न्यायमूर्ती थर्गूड मार्शल यांनी त्यांना शपथ दिली. त्या शहराचा ध्वज १९३८ मध्ये ठरवण्यात आला आहे : पांढऱ्या पार्श्वभूमीवर दोन लाल पट्टे आणि वर तीन लाल तारे, सल्ग्रेव्हच्या वाड्याच्या दारावर कोरलेले आहेत तसेच.